घरबसल्या बाजार : सोय, विश्वास आणि सावधानता

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बडोद्यात खंडेराव मार्केटची देखणी वास्तू उभारली ती १९०६ च्या सुमारास, आणि बँक ऑफ बडोदाची स्थापना केली ती २० जुलै १९०८ रोजी. बाजार आणि पेढी या दोन्ही संस्थांवाचून नगरजीवनाला स्थैर्य येत नाही, हे त्या द्रष्ट्या राज्यकर्त्याने अचूक ओळखले होते. या दोन्ही संस्थांचा पाया एकच, तो म्हणजे विश्वास. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने दांडिया बाजारात वा मंगळ बाजारात जी खरेदी केली, तीत दुकानदाराचा चेहरा ओळखीचा असे, वजनकाटा डोळ्यांसमोर असे आणि माल वाईट निघालाच, तर दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन त्याच पायरीवर जाऊन उभे राहता येत असे. आज बाजार आणि पेढी दोन्ही तळहातावरच्या यंत्रात येऊन बसली आहेत. सोय अपार वाढली, पण ओळखीचा चेहरा नाहीसा झाला. अशा बाजारात विश्वास ठेवायचा तो कशावर, हा या लेखाचा विषय आहे.

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लेखणी का उचलावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर साधे आहे. आमच्या दवाखान्यात एका बालकामागे सरासरी तीन पिढ्या येतात. बाळाचा ताप, लसीकरण, वजन यांविषयी बोलून झाले की घरातल्या इतर गोष्टी हळूहळू बाहेर पडतात. गेल्या काही वर्षांत त्यांत ‘फोनवरून पैसे गेले’ ही तक्रार इतक्या वेळा कानी आली की तिची दखल घेणे मला एखाद्या साथीची दखल घेण्याइतकेच अगत्याचे वाटू लागले. साथीच्या रोगाचे जे तत्त्व, तेच येथेही लागू पडते. रोग कसा पसरतो हे एकदा कळले की प्रतिबंध अवघड राहत नाही.

चोर कुलूप फोडत नाही, किल्ली मागतो

प्रथम एक गैरसमज दूर करू. ऑनलाइन व्यवहाराची आपल्या देशातील यंत्रणा मुळातच कच्ची आहे, असे नाही. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना कार्डावरील मजकुराखेरीज आणखी एका गुप्त खुणेची पडताळणी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. आपल्या परिचयाचा ओटीपी हे त्याचेच एक रूप. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार संकेतस्थळांना ग्राहकाचा कार्ड क्रमांक स्वतःकडे साठवून ठेवण्यास मनाई झाली. त्याऐवजी ‘टोकन’ नावाचा पर्यायी संकेत वापरला जातो. तो चोरीस गेला, तरी दुसऱ्या दुकानात त्याचा उपयोग होत नाही. २०२० पासून आपल्या कार्डावरील ऑनलाइन व्यवहार, परदेशी व्यवहार आणि यंत्राला नुसते कार्ड टेकवून होणारे व्यवहार स्वतंत्रपणे चालू-बंद करण्याची व त्यांच्यावर मर्यादा घालण्याची मुभा ग्राहकाला मिळाली आहे.

कुलपे अशी भक्कम झाल्यावर चोराने आपली रीत बदलली. तो आता कुलूप फोडण्याच्या खटाटोपात पडत नाही. घरमालकाकडेच किल्ली मागतो. त्यासाठी तो मनुष्यस्वभावाच्या तीन दुबळ्या जागा हेरतो : भीती, लोभ आणि घाई. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ ही भीती, ‘नव्वद टक्के सवलत’ हा लोभ आणि ‘फक्त दहा मिनिटे शिल्लक’ ही घाई. माझ्या कानी आलेल्या फसवणुकींच्या बहुतेक कथांत या तिन्हींपैकी किमान एक गोष्ट हटकून होती. त्यामुळे पहिला नियम असा करावा, की जो निरोप आपल्याला घाबरवतो, भुलवतो अथवा घाई करतो, त्याला त्या क्षणी उत्तर देऊ नये. फोन खाली ठेवावा, एक पेला पाणी प्यावे आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला तो निरोप मोठ्याने वाचून दाखवावा. मोठ्याने वाचताना त्यातला खोटेपणा बहुधा आपला आपल्यालाच ऐकू येतो.

खरेदीपूर्वी

दसरा-दिवाळीच्या सुमारास नामांकित दुकानांच्या हुबेहूब नकला असलेली संकेतस्थळे उगवतात. चित्रे तीच, रंग तेच, फक्त पत्त्यात एखादे अक्षर कमी-अधिक. म्हणून निरोपात आलेल्या दुव्यावर बोट ठेवून दुकानात शिरू नये. पत्ता स्वतः टंकावा, अथवा अधिकृत ॲप-भांडारातून घेतलेले ॲप वापरावे. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे किंवा कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे दुकान प्रामाणिक आहे, असे पुष्कळांना वाटते. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की आपण पाठवलेला मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला मनुष्य सज्जन आहे की भामटा, हे त्यावरून कळत नाही. बंद पाकिटातून पत्र पाठवले, तरी ते चुकीच्या पत्त्यावर जाऊ शकतेच ना!

बँकांच्या बाबतीत मात्र आता एक चांगली खूण उपलब्ध झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाच्या पत्त्यावर न्यावयाची होती. हे शेपूट नोंदणीकृत बँकांखेरीज इतरांना मिळत नाही. तेव्हा बँकेच्या नावाने आलेला पत्ता पाहताना त्याचा शेवट आधी तपासावा.

अनोळखी दुकानातून घ्यायचेच असेल, तर विक्रेत्याचे पूर्ण नाव, पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क आणि माल परत घेण्याच्या अटी दिलेल्या आहेत का, हे पाहावे. ही माहिती देणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. जेथे ती नाही, तेथून पाऊल मागे घ्यावे. मौल्यवान वस्तूचे खोके उघडताना घरातल्या कोणीतरी त्याचे चित्रीकरण करावे. खोक्यात दुसरेच काही निघाले, तर तो पुरावा कामी येतो.

खरेदीनंतरचा सर्वांत मोठा धोका ग्राहक सेवा केंद्राच्या क्रमांकाचा. वस्तू बिघडली की आपण शोधयंत्रावर क्रमांक शोधतो. भामट्यांनी आपले क्रमांक तेथे नामांकित कंपन्यांच्या नावे पेरून ठेवलेले असतात. येथे चोर आपल्याकडे येत नाही, आपणच त्याचे दार ठोठावतो आणि त्यामुळे संशयही येत नाही. सेवा केंद्राचा क्रमांक खोक्यावर, पावतीवर किंवा त्या कंपनीच्या ॲपमध्येच पाहावा.

पैसे देताना

यूपीआय ही पद्धत २०१६ साली सुरू झाली आणि भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वत्र रुजली. तिच्याविषयी एकच गोष्ट पाठ केली, तरी निम्मी फसवणूक टळेल : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना आणि खात्यातील शिल्लक पाहताना. ‘तुमचे पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन घाला’ असे कोणी म्हणाला, की तो आपल्याला पैसे देत नसून आपल्याकडून घेत आहे, हे निश्चित समजावे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी धाडण्याची जी सोय यूपीआयमध्ये होती, तिचा गैरवापर फार झाल्याने ती ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. क्यूआर कोडची युक्ती मात्र अजून चालूच आहे.

फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारी ॲप्स हे आणखी एक हत्यार. ‘मी इथूनच दुरुस्त करून देतो’ असे सांगून ते ॲप घ्यायला लावतात. त्यानंतर आपण टंकलेली अक्षरे आणि आलेला ओटीपी पलीकडच्या माणसाला दिसतो. ओटीपी कोणाला ‘सांगितला’ नाही, तरी तो गेलेलाच असतो. तसेच लग्नाची पत्रिका, वाहतूक दंडाची पावती अशा गोंडस नावांनी येणाऱ्या फायलींच्या नावाअखेर ‘एपीके’ ही अक्षरे असतील, तर त्या उघडू नयेत. पत्रिका हे चित्र असते. एपीके हा फोनमध्ये शिरून बसणारा कार्यक्रम असतो.

व्यवहार्य तोडगा म्हणून मी अनेकांना सुचवतो, की ऑनलाइन खर्चासाठी एक स्वतंत्र खाते ठेवावे. त्यात महिन्याच्या गरजेपुरतीच रक्कम असावी. निवृत्तिवेतनाचे आणि मुदत ठेवींचे खाते यूपीआयला जोडूच नये. घरात सोने असते म्हणून आपण ते पाटावर मांडून ठेवत नाही, तशातलाच हा प्रकार.

आपल्या व्यवसायबंधूंसाठी

डॉक्टरांना फसवण्याची एक खास रीत आहे. मलाही असा दूरध्वनी आला होता. पलीकडचा गृहस्थ स्वतःस लष्करी छावणीतील अधिकारी म्हणवत होता. जवानांच्या वीस मुलांची आरोग्य तपासणी करायची आहे, शुल्क आगाऊ देऊ, असे त्याने अतिशय अदबीने सांगितले. पाठोपाठ ओळखपत्राचे छायाचित्रही आले. नंतर मुद्दा निघाला : ‘आमच्या लष्करी पद्धतीत आधी आपण आम्हाला एक रुपया पाठवायचा, मग आम्ही दुप्पट परत करतो.’ मी त्याला मुलांना घेऊन दवाखान्यात येण्यास व शुल्क रोख देण्यास सुचवले, तेव्हा त्याची अदब एकाएकी ओसरली. हाच प्रयोग प्रयोगशाळा, दंतवैद्यक आणि औषधविक्रेते यांच्यावरही होतो. लष्कराविषयीचा आपला आदर हेच येथे आमिष असते.

दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोन गोष्टी आवर्जून शिकवाव्यात. रुग्णाच्या फोनवरील ‘पैसे दिले’ हा पडदा म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे, कारण तसा पडदा दाखवणारी बनावट ॲप्सही आहेत. आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याचा निरोप हाच खरा पुरावा. दुसरे म्हणजे, टेबलावरच्या क्यूआर कोडवर कोणी दुसरा कागद चिकटवला नाही ना, हे रोज सकाळी पाहावे. तो स्कॅन केल्यावर कोणाचे नाव येते, हे तपासायला अर्धे मिनिट पुरते. ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट चिकित्सक’ म्हणून आपली निवड झाली असून केवळ नोंदणी शुल्क भरायचे बाकी आहे, असे निरोपही अधूनमधून येतात. त्यांविषयी अधिक लिहिणे नलगे!

बालकांच्या नावाने होणारी खरेदी

पैसे सुरक्षित राहिले, पण आलेली वस्तूच घातक निघाली, तर तीही फसवणूकच. भारतात खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. चिन्ह नसलेली खेळणी ऑनलाइन विकल्याबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या जानेवारीत मोठ्या संकेतस्थळांना नोटिसा दिल्या होत्या. चकाकणाऱ्या स्वस्त खेळण्यांतील गुंडीसारखी चपटी बॅटरी बाळाच्या अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकते. असे खेळणे घेताना बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होणारे आहे का, हे पाहावे. दात येताना घालायच्या मण्यांच्या माळा आजही विकल्या जातात. त्यांनी गळफास बसण्याचा व घुसमटण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये दिला होता.

दोन वर्षांखालील बालकांच्या दूध-भुकटीची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास, त्यांवर सवलत देऊन विक्री वाढवण्यास १९९२ च्या व २००३ मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा ‘एकावर एक मोफत’ असे लिहिलेला डबा पडद्यावर दिसला, तर तो घेण्याआधी विक्रेत्याविषयी शंका घ्यावी. औषधे घरपोच मागवताना डॉक्टरांची चिठ्ठी न मागणारे दुकान टाळावे. आलेल्या औषधावरील तुकडी क्रमांक, मुदत आणि वेष्टन तपासावे. थंडाव्यात ठेवायची औषधे, विशेषतः इन्सुलिन, बर्फाच्या वेष्टनाविना आली तर स्वीकारू नयेत.

घटना घडलीच तर

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. विषबाधा झालेले बालक आमच्याकडे आणले जाते, तेव्हा दोन गोष्टींवर त्याचे भवितव्य अवलंबून असते. किती वेळ गेला आणि घरच्यांनी खरे सांगितले की नाही. ‘सासूबाई रागावतील’ म्हणून एखादी तरुण आई बाळाने रॉकेल प्यायल्याचे लपवते, आणि त्या लपवाछपवीत जो वेळ जातो, तो नंतर कशानेही भरून येत नाही. पैशांच्या फसवणुकीत अगदी असेच घडते.

माझ्याकडे दम्याच्या उपचारासाठी येणाऱ्या एका सहा वर्षांच्या मुलाला त्याची आजी घेऊन आली होती. निवृत्त शिक्षिका, अत्यंत नेटक्या. तपासणी झाल्यावर त्यांनी नातवाला बाहेर बसवले आणि हलक्या आवाजात विचारले, “डॉक्टर, मुलाला सांगू का हो?” नातवासाठी मागवलेले वाफेचे यंत्र चालेना, म्हणून त्यांनी सेवा केंद्राचा क्रमांक शोधला होता. पलीकडच्या माणसाने एक ॲप घ्यायला लावले आणि खात्यातून चौसष्ट हजार रुपये गेले. त्याला पाच दिवस झाले होते. त्या पाच दिवसांत त्यांनी कोणालाही काही सांगितले नव्हते. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. “आता माझ्या हातातला फोन काढून घेतील. आईला काही कळत नाही, असे ठरेल.”

त्यांच्या संमतीने मी मुलाला बोलावून घेतले. तक्रार नोंदवली गेली. रक्कम तोवर अनेक खात्यांतून पुढे सरकली होती, त्यामुळे हाती लागला तो अगदी थोडा अंश. मुलाने मात्र आईला एका शब्दाने दुखावले नाही. “पैशांचे बघू, तू पाच दिवस एकटी सोसत होतीस, याचे वाईट वाटते,” एवढेच तो म्हणाला. त्या बाई पुढच्या तपासणीला आल्या, तेव्हा फोन त्यांच्याच हातात होता आणि शेजारणींना हा किस्सा सांगून त्यांनी सावधही केले होते.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या समाजाच्या हाडीमांसी मुरली आहे. या एका बाबतीत मात्र मूठ झाकली, तर सव्वा लाख जातात. म्हणून पुढील क्रम घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा.

१. फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करावा. रक्कम, वेळ, बँकेचे नाव आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. पैसे ज्या खात्यात गेले, ते गोठवण्याची सूचना येथून संबंधित बँकेला जाते. पहिला तास लाखमोलाचा.

२. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या शासकीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी.

३. बँकेला कळवून कार्ड व यूपीआय बंद करावे आणि तक्रारीची लेखी पोच घ्यावी.

४. एखादे अनोळखी ॲप घेतले असेल, तर फोनचे इंटरनेट तोडावे आणि दुसऱ्या फोनवरून परवलीचे शब्द बदलावेत. आलेले निरोप पुसू नयेत, तो पुरावा आहे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठे संरक्षण दिले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सहकारी बँकांनाही तसे नियम लागू झाले. त्यांचा गाभा असा, की ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर बोजा पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास ठरावीक मर्यादेपर्यंतच पडतो. ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. असे नियम काळानुरूप सुधारले जातात, म्हणून आपल्या बँकेचे प्रचलित धोरण विचारून ठेवावे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते.

खरेदीतील वादासाठी मार्ग वेगळा. विक्री संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे व महिन्याभरात निवारण करणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो तेथील आयोगाकडेही दाद मागता येते. विक्रेता दूरच्या शहरात असला, तरी आपल्याला बडोद्याबाहेर जावे लागत नाही.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी बहुतेकांचे ज्येष्ठ आप्त घरी एकटे असतात. मुले पुण्यात, बंगळुरूत वा परदेशात. त्यांच्या हाती आपण फोन दिला, पण तो वापरण्याचे शिक्षण देताना पुष्कळदा आपला धीर सुटतो. ‘किती वेळा सांगायचे?’ हे वाक्य ज्या घरात वारंवार उच्चारले जाते, त्या घरातली माणसे विचारणे सोडून देतात आणि अनोळखी माणसाचा गोड आवाज त्यांना अधिक आपुलकीचा वाटू लागतो. लसीचा परिणाम टिकावा म्हणून आम्ही वर्धक मात्रा देतो, आणि दर वेळी बाळ रडते म्हणून त्याच्यावर रागावत नाही. हीच सहनशीलता घरातल्या वडीलधाऱ्यांसाठीही बाळगू या. दर महिन्याला पंधरा मिनिटे त्यांच्याजवळ बसून फोन पाहावा, शंका ऐकाव्यात आणि एक आश्वासन स्पष्ट शब्दांत द्यावे : काहीही झाले तरी आधी मला सांगा, मी रागावणार नाही.